रसग्रहण लिहायचंय, पण सुरुवात कुठून करू? कविता आणि उतारा वाचायची एक पद्धत

दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाबा, दोघंही साधारण हेच विचारतात की कविता वाचली, अर्थही कळला बऱ्यापैकी, पण "रसग्रहण करा" म्हटल्यावर लिहायचं काय? मग गाइड उघडलं जातं, त्यातलं "कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर व मनोहारी वर्णन केले आहे" हे वाक्य वहीत उतरतं, आणि अर्ध्या वर्गाच्या वहीत तेच वाक्य असतं. वाक्य चूक नाहीये हो, पण ते कुठल्याही निसर्गकवितेला चिकटवता येतं, आणि जे सगळ्यांना चिकटतं ते या एका कवितेबद्दल काहीच सांगत नाही. उत्तर कवितेच्या शब्दांतच असतं आणि ते शोधायची पद्धत शिकता येते, त्यासाठी आधीपासून साहित्याची आवड वगैरे असायलाच हवी असं अजिबात नाही.

हे मी मुख्यतः महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, म्हणजे कुमारभारती, युवकभारती ही मराठीची पाठ्यपुस्तकं असणारे. पण 2020 च्या कायद्यानंतर राज्यातल्या सीबीएसई, आयसीएसई शाळांमधेही मराठी सक्तीची झाली, त्यामुळे घरी मराठी फारशी न बोलणारी मुलंही आता याच प्रश्नांना सामोरी जातायत, त्यांनाही हे वापरता येईल. परदेशात मराठी शाळा चालवणाऱ्या ताई-दादांनाही.

आधी प्रश्न नीट वाचा, कविता नंतर

हे उलटं वाटेल, पण निम्मे मार्क इथेच जातात. "भावार्थ लिहा" म्हटलंय तर कविता काय सांगतेय ते आपल्या साध्या भाषेत सांगायचं, बास. "मध्यवर्ती कल्पना" म्हणजे सगळ्या ओळी ज्या एका गोष्टीभोवती फिरतात ती गोष्ट, दोन-तीन वाक्यांत. "रसग्रहण" म्हणजे कविता काय सांगते आणि ते *कसं* सांगते, दोन्ही. आणि "स्वमत" मधे तुमचं मत हवं असतं, पण उताऱ्याला धरून, हवेतलं नको. खूप मुलं रसग्रहणाच्या जागी भावार्थ लिहून येतात, दीड पान भरतं, मेहनत दिसते, पण "कसं" हा भाग पूर्ण गायब असतो आणि मार्क तिथेच असतात. म्हणून प्रश्नातल्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारा, खरंच मारा, मनातल्या मनात नको.

आता एक कविता घेऊ

नुसत्या टिप्स वाचून काही होत नाही म्हणून एक प्रत्यक्ष करून बघू. बालकवींची (त्र्यंबक बापूजी ठोमरे, 1890 ते 1918) "औदुंबर" घेते. आठच ओळी आहेत, आणि मराठीत इतकी छोटी असून इतकी चर्चा झालेल्या कविता कमीच.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयातुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

पहिलं वाचन: मोठ्याने, आणि पेन खाली ठेवून

आधी काहीही अंडरलाइन करू नका. मोठ्याने वाचा, जमलं तर दोनदा. प्रत्येक ओळ मधे एकदा किंचित थांबते ते तोंडाने म्हटल्यावरच कळतं, "ऐल तटावर पैल तटावर" आणि मग "हिरवाळी घेउन". "निळासावळा झरा वाहतो" आणि मग "बेटाबेटांतुन". ही लय डोळ्यांनी वाचून सापडत नाही, आणि लयीबद्दल एक वाक्य जरी स्वतःच्या कानाने ऐकून लिहिलंत तरी ते उत्तर बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसतं. वृत्ताचं नाव माहीत नसेल तर लिहू नका, अंदाजाने तर मुळीच लिहू नका, "ओळीच्या मध्यावर येणाऱ्या विरामामुळे संथ लय तयार होते" हे लिहिलं तरी पुरतं.

अडलेले शब्द

ऐल म्हणजे अलीकडचा, पैल पलीकडचा. कुरण म्हणजे गुरं चरायची गवताळ जागा. डोह म्हणजे नदी-ओढ्यातली खोल, संथ पाण्याची जागा. झाकळणे म्हणजे झाकोळणे, झाकलं जाऊन अंधारल्यासारखं होणं. काळिमा म्हणजे काळेपणा. शहरातल्या मुलांना डोह आणि कुरण दोन्ही बघायला मिळालेले नसतात, त्यात त्यांचा काही दोष नाही, पण डोह म्हणजे काय हे न कळता ही कविता कळणं अशक्य आहे कारण सगळी कविता तिथेच जाऊन थांबते. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन फुकट बघता येतो, तो मराठी-इंग्रजी आहे त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलांना उलट सोपा जातो. दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही ऑनलाइन आहे, त्यात बऱ्याच शब्दांना वापराची उदाहरणंही मिळतात.

एक सांगायचंय, सगळे शब्द आधी अडवून बसू नका. पहिल्या वाचनात जेवढं कळेल तेवढं कळू दे, मग कोश. नाहीतर कविता वाचायची राहते आणि शब्दार्थांची यादीच पाठ होते.

दुसरं वाचन: फक्त काय दिसतंय ते लिहा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि मुलं हीच गाळतात. अजून अर्थ लावायचा नाही. सुंदर, मनोहारी, हृदयस्पर्शी असले शब्द इथे बंद. कवितेत प्रत्यक्ष जे आहे तेच कच्च्या वहीत टिपायचं, एखादी गोष्ट फालतू वाटली तरी टिपायची. औदुंबरबद्दल माझ्या वर्गातली मुलं काय काय टिपतात ते सांगते.

रंग खूप आहेत. हिरवा तर तीनदा येतो, हिरवाळी, हिरवी गरदी, हिरव्या कुरणा. झरा निळासावळा. पायवाट पांढरी. मग काळा डोह, आणि काळिमा. म्हणजे वरच्या अर्ध्या कवितेत हिरवं जास्त आहे आणि खाली येता येता काळं होत जातं.

माणूस कुठेच नाही. गाव आहे, घरं आहेत, शेतं आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसाने केलेलं सगळं आहे, पण एकही माणूस दिसत नाही. हे एका सातवीतल्या मुलीने दाखवलं होतं आणि मला ते फार आवडलं, कारण *काय नाहीये* हे बघणं मोठ्यांनाही पटकन सुचत नाही.

क्रियापदं बघा. झरा *वाहतो*, गरदी *लागली*, पायवाट *पडे*, मग *चालली*, काळिमा *पसरी*, आणि शेवटी औदुंबर *बसला*. सगळी कविता वाहतेय, चालतेय, आणि शेवटच्या ओळीत एकदम कोणीतरी बसलंय.

कवितेचं नाव औदुंबर, पण झाड येतं कधी? सगळ्यात शेवटच्या शब्दात. सात ओळी त्याचा पत्ताच नाही.

नजर कुठून कुठे जाते? झरा, मग लांबची टेकडी आणि गाव, मग पुढची शेतं, मग पायवाट, मग डोह, मग झाड. आधी पसरट, लांबचं, आणि मग एका जागी येऊन थांबलेली. ज्यांना मोबाईलवर व्हिडिओ काढायची सवय आहे त्यांना सांगते की या कवितेचा शॉट कसा काढाल ते कागदावर काढून दाखवा, आणि ते बरोबर काढतात.

बघा, अजून "अर्थ" एक शब्दही लिहिलेला नाही आणि तरी वही भरलीये.

तिसरं वाचन: "मग काय?" विचारायचं

आता प्रत्येक टिपणापुढे एकच प्रश्न लिहायचा, याने काय होतं? झाड शेवटच्या शब्दात येतं, मग काय? मग असं होतं की आपण पायवाटेबरोबर चालत चालत त्याच्यापाशी पोचतो, तो आपल्याला दाखवला जात नाही, सापडतो. बाकी सगळं चालतंय आणि तो एकटाच बसलाय, मग काय? मग त्याचा निवांतपणा, किंवा त्याचं एकटेपण, जास्त उठून दिसतं.

किंवा. हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. या कवितेत काहींना शांत, तृप्त झाड दिसतं, पाण्यात पाय सोडून निवांत बसलेलं. काहींना उदासी दिसते, मृत्यूची सावलीसुद्धा, कारण पायवाट काळ्या डोहाकडे जातेय, आणि आपल्याकडे पैलतीर म्हटलं की नुसता पलीकडचा काठ मनात येत नाही. यातलं खरं कुठलं, असं मुलं विचारतात. मी म्हणते, दोन्हींना कवितेत आधार आहे का ते बघा. उदासीसाठी काळा डोह आणि झाकळणं हाताशी आहे. शांततेसाठी "पाय टाकुनी बसला" आहे, आणि तो काळिमा नुसता काळिमा नाही, *गोड* काळिमा आहे, हे उदासीवाल्यांना जड जातं. झाड दुःखी आहे असं कविता कुठेच म्हणत नाही, सुखी आहे असंही म्हणत नाही. तुम्ही जी बाजू घ्याल ती घ्या, पण विरुद्ध बाजूचा पुरावा दिसला की लपवू नका, त्यालाही एक वाक्य द्या. परीक्षकाला असं उत्तर वाचायला मिळणं ही चैन असते.

आणि एक गोष्ट मी फार कळकळीने सांगते. बालकवी 1918 साली रेल्वेखाली सापडून गेले, अवघे 27 वर्षांचे होते. हे वाचलं की मुलं लगेच लिहितात की "कवीला आपल्या मृत्यूची चाहूल लागली होती". असं नका लिहू. अपघात कविता लिहून झाल्यावरचा आहे, कवितेला तो माहीत नाही. कवीचं चरित्र माहीत असणं चांगलंच, दोन ओळींत ओळख करून द्या, पण चरित्र हा कवितेच्या अर्थाचा पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे ओळ.

अलंकार: नाव लिहून सोडून देऊ नका

अलंकाराची भीती बाळगू नका आणि त्याला फार डोक्यावरही घेऊ नका. "पाय टाकुनी जळात बसला" इथे झाड माणसासारखं वागतंय म्हणून चेतनगुणोक्ती. घेउन-बेटाबेटांतुन, टेकडीकडे-पुढे, पडे-डोहाकडे, लाटांवर-औदुंबर ही यमकं. इथपर्यंत सगळे लिहितात. पुढचं अर्धं वाक्य कोणी लिहीत नाही, की त्या अलंकाराने या कवितेत काय साधलं. चेतनगुणोक्तीमुळे एवढ्या निर्मनुष्य चित्रात शेवटी एक "माणूस" येतो, आणि तो झाड असतो. हे अर्धं वाक्य लिहिलं की ओळखलेला अलंकार समजलेला अलंकार होतो. अनुप्रास तर मुलं जिथे तिथे लावतात, एक अक्षर दोनदा दिसलं की अनुप्रास, त्यापेक्षा तो कानाला जाणवत नसेल तर सोडून द्या.

उतारा असेल तर

गद्याला रसग्रहण म्हणत नाहीत शाळेत सहसा, पण पद्धत तीच. फरक एवढाच की गद्यात कोण सांगतंय आणि काय *न* सांगता सोडलंय याकडे जास्त बघायचं. सरावासाठी मीच एक तुकडा लिहिलाय:

"एसटी वळणावरून दिसेनाशी झाली तसा धुरळा खाली बसला. आबांनी पिशवी खाली ठेवली, परत उचलली. 'पोचला की फोन करतो म्हणालाय,' ते म्हणाले. शेजारी कोणी नव्हतं. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं न विचारता चहाचा ग्लास पुढे केला. आबांनी खिशात हात घातला. पोराला द्यायची शंभराची नोट अजून तिथंच होती."

इथे प्रश्न येईल, "आबांची मनःस्थिती स्पष्ट करा". कच्चं उत्तर येतं "आबांना खूप दुःख झाले". बरोबर आहे, पण उताऱ्यात दुःख हा शब्दच नाही, मग तुम्हाला कळलं कुठून? तेच लिहायचं असतं. पिशवी ठेवून लगेच उचलली म्हणजे हातांना काय करावं सुचत नाहीये. शेजारी कोणी नसताना ते बोलतात, म्हणजे स्वतःचीच समजूत घालतायत. टपरीवाला न विचारता चहा देतो, याचा अर्थ आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसतंय, आणि लेखकाने चेहरा न दाखवता टपरीवाल्याच्या वागण्यातून तो दाखवलाय. आणि ती नोट, तिच्यावर तर अख्खा परिच्छेद लिहिता येईल, द्यायची ठरवलेली पण गडबडीत राहून गेलेली, म्हणजे निरोप अर्धाच झाला. निवेदक तृतीयपुरुषी आहे, बाहेरून बघतोय, आबांच्या मनात शिरत नाही, आणि त्यामुळेच वाचणाऱ्याला ते मन स्वतः ओळखावं लागतं.

बोलीचे शब्द आले तर तेही बघा. उताऱ्यातला माणूस वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलतो आणि निवेदक प्रमाण मराठीत सांगतो, असं खूपदा असतं, त्यातून माणूस कुठला, कोणत्या थरातला हे एका वाक्यात उभं राहतं. "ग्रामीण भाषा वापरली आहे" एवढं लिहून थांबू नका, एक शब्द उचलून दाखवा.

आता लिहायला बसा

बोर्डाच्या पद्धतीने रसग्रहणाला तीन भाग धरतात, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. आशयात कविता कशाबद्दल आहे आणि काय सुचवते. काव्यसौंदर्यात प्रतिमा, अलंकार, रस, भावना. भाषेत शब्दांची निवड, लय, रचना, यमक. तुमच्या कच्च्या वहीतली टिपणं या तीन ठिकाणी वाटून टाका, एखादं दोन ठिकाणी बसतंय असं वाटलं तर जिथे जास्त कामाचं आहे तिथे ठेवा, दोनदा नको. सगळी टिपणं वापरायची नाहीत, चार-पाच भक्कम पुरतात.

प्रत्येक मुद्दा लिहिताना आधी तुमचं म्हणणं, मग ओळीतले दोन-चार शब्द अवतरणात, मग त्याने काय साधलं. अख्खं कडवं उतरवू नका, त्याने जागा भरते फक्त. औदुंबरवरचा एक परिच्छेद असा होईल, आणि लक्षात घ्या की वहीत लिहिताना भाषा माझ्या या लेखासारखी बोलीतली नको, प्रमाण लेखी मराठी हवी:

"या कवितेत गतीकडून स्थिरतेकडे जाणारा प्रवास दिसतो. झरा 'वाहतो', पायवाट 'चालली' अशी हालचाल सुचवणारी क्रियापदे सुरुवातीपासून येतात. शेवटच्या ओळीत मात्र औदुंबर जळात पाय टाकून 'बसला' आहे. शीर्षकात असलेले झाड शेवटच्या शब्दापर्यंत न दाखवल्यामुळे वाचक पायवाटेसोबत त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि त्याची स्थिरता अधिक ठळक होते. ही स्थिरता एकाकी वाटू शकते, परंतु 'गोड काळिमा' या शब्दांमुळे तिला शांततेची छटा मिळते."

यात सुंदर, अप्रतिम, मनोहारी यातला एकही शब्द नाहीये, बघा. कवितेबद्दलचं प्रेम तरीही कळतं.

सुरुवातीला "प्रस्तुत कविता अमुक कवींची असून" हे वाक्य चालतं, त्याने काही बिघडत नाही, पण एकच. कवीचं नाव, टोपणनाव, कवितेचं नाव नीट शुद्ध लिहा. कवितेतला शब्द अवतरणात घेताना जसा आहे तसाच घ्या, "घेउन" ऱ्हस्व आहे तर ऱ्हस्वच, मात्रा बसवायला कवीने तो तसा ठेवलाय, तुम्ही दुरुस्त करायचा नाही.

गाइड वापरू नका असं मी म्हणणार नाही, सगळे वापरतात. फक्त क्रम बदला. आधी स्वतःची तीन वाचनं आणि टिपणं, मग गाइड उघडा, आणि तुमच्याकडे नसलेलं एखादं निरीक्षण तिथे मिळालं तर कवितेत परत जाऊन ते खरंच आहे का तपासा. एआयला विचारलंत तरी हेच करा, तिथे तर कवितेत नसलेल्या ओळीही बिनधास्त दिल्या जातात, म्हणून प्रत्येक ओळ पुस्तकाशी ताडून बघा.

वही द्यायच्या आधी शेवटचं एक काम, दोन मिनिटांचं. तुमच्या उत्तरातलं प्रत्येक वाक्य वाचा आणि कवितेचं नाव झाकून विचारा की हे वाक्य दुसऱ्या कवितेला चाललं असतं का? चाललं असतं तर ते खोडा, किंवा त्यात कवितेतला एक शब्द आणून बसवा. पहिल्या वेळी निम्मं उत्तर खोडलं जाईल, घाबरू नका, जे उरेल तेवढंच दिलंत तरी चालेल. सरावाला रोज नवीन कविता लागत नाही, पाठ्यपुस्तकातलीच झालेली कविता घ्या आणि फक्त दुसरं वाचन करा, टिपणांचं, अर्थ न लावता. आईबाबांनी किंवा आजी-आजोबांनी समोर बसून तीच कविता वेगळी टिपली तर अजून चांगलं, मग दोघांच्या वह्या शेजारी ठेवा आणि कोणाला काय दिसलं नाही ते बघा.